तुरीची पानं आणि मामांचा अर्ज

संदर्भ : रोजंदारी मजूर नामदेवमामा यांचा सेवेत कायम करण्याबाबतचा अर्ज. तो माझ्या हातून वर गेला, म्हणून हे टिपण. नेकनूरजवळच्या एका कडधान्य प्रयोगशेतावर मी कारकून होतो. किस्से आवक-जावक नोंदवहीत चढत नाहीत. निवृत्तीनंतर तेवढेच शिल्लक राहतात.

आमच्या शेतावरच्या शास्त्रज्ञ मॅडमचा प्रयोग तुरीच्या नत्रावर. मुळांच्या गाठी झाडाला नत्र पुरवतात. पण शेंगा भरू लागल्या की गाठी थकतात आणि दाणा पानांतलं नत्र ओढून घेतो. मला हे मामांनी समजावलं. "दाना पानाचं खातो, भाऊसाहेब. पान न्हाई म्हनत न्हाई."

तपासणीच्या साहेबांनी पिवळी पानं पाहून शेरा मारला, 'पिकाकडे दुर्लक्ष. खुलासा घ्यावा.' मॅडमनी कळवलं, पानं दाण्यासाठी रिकामी होत आहेत. उलट टपाली विचारणा आली, 'कोणाच्या मान्यतेने?'

*

गळालेल्या पानांत किती नत्र उरलं हे मोजल्याशिवाय दाण्यात किती गेलं ते कळत नाही. पुढच्या तपासणीआधी मामांनी सगळं शेत खराट्यानं झाडलं आणि पाला खतखड्ड्यात टाकला. साहेबांनी स्वच्छतेबद्दल शाबासकी दिली. मॅडम बांधावर बसून राहिल्या.

"मामा, का झाडलंत?"

"साहेब येनार व्हते, ताई."

वर्षाचं काम गेलं. पुढच्या हंगामात मामांनी प्रत्येक ओळीखाली जुनी लुगडी बांधली. रोजचा पाला वेगळ्या पाकिटात, वर स्वतःच्या अक्षरात तारीख.

"लुगडी कुणाची?" मी विचारलं.

"बायकोची. लगनातलं तेवढं ठिवलं."

*

रोजंदारीवाल्याला कायमपणाचा हक्क लागू नये म्हणून अधूनमधून काही दिवस कामावरून कमी करायची रीत होती. त्याला खंड म्हणत. त्या हंगामात मामांचा खंड नेमका शेंगा भरताना आला. ते येतच राहिले.

"मामा, हजेरीपटावर नाव लावता येणार नाही."

"नगा लावू. तुरीला खंड हाय का?"

*

त्यांचा अर्ज गेला तेव्हा वरून विचारणा झाली, 'अर्जदार खंडकाळात कामावर असल्याचा पुरावा जोडावा.' हजेरीपट कोरा होता. मॅडमनी मोजून उरलेल्या पाल्याची पाकिटं काढून दिली. खंडातला एकही दिवस सुटलेला नव्हता. मी गठ्ठा बांधून अर्जाला जोडला.

पोच आली, 'तुरीचा पाला, पाकिटे एकवीस, मिळाली.'

येत्या उन्हाळ्यात मामांना साठ पुरी होतील. अर्ज प्रलंबित आहे.