आर्डिसबाई आणि गुरुवारचा प्रिंटर

आर्डिस ट्वेट या बाईंना मी तीस वर्षं ओळखतो. या तीस वर्षांत 'बहुतेक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. गेल्या सप्टेंबरात एका बैठकीत त्यांनी तो चार वेळा उच्चारला. "बहुतेक मीच काहीतरी चुकीचं दाबत असेन, लाइल," असं त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे प्रकरण नुसत्या प्रिंटरचं राहिलेलं नाही.

अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा राज्याच्या पश्चिम टोकाला आमचं गाव. इथे दर गुरुवारी गुरांचा लिलाव भरतो. आर्डिसबाई बाविसाव्या वर्षी त्या लिलावघराच्या ऑफिसात आल्या आणि आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. दरम्यान मालकांच्या दोन पिढ्या झाल्या. आत्ताचा मालक क्लेटन रांगत होता तेव्हा त्यांच्या टेबलाखाली झोपायचा. तो अजून त्यांना मावशी म्हणतो. कुणाची वासरं कुंपणाच्या कुठल्या नंबरच्या वाडग्यात बांधायची, कुणाच्या शेजारी कुणाची बांधायची नाहीत, कुणाचा बैल मारका आणि कुणाचा मालक त्याहून मारका, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लिलावाला आणलेलं जनावर आत घ्यायचं किंवा विकलेलं बाहेर न्यायचं तर त्यांच्या खिडकीतून गेटपास घ्यावा लागतो. तो प्रिंटरमधून निघतो. गेटपासशिवाय एक वासरू फाटकातून जात नाही, मग ते गव्हर्नरचं का असेना.

बाईंच्या दोन सवयी गावाला माहीत आहेत. संध्याकाळी पाचला त्या ऑफिसची सगळी वीज मेन स्विचवरून बंद करतात. दिवा, हीटर, कम्प्युटर, प्रिंटर, काही म्हणून चालू ठेवत नाहीत. आणि मग वहीत लिहितात: सगळं बंद केलं, इतके वाजले. दोन्ही सवयींचं मूळ एकच. १९८६ च्या फेब्रुवारीत लिलावघराला आग लागली आणि सात घोडे गेले. आग ऑफिसच्या बाजूने सुरू झाली होती, आणि त्या दिवशी शेवटचं कुलूप आर्डिसबाईंनी लावलं होतं. "हीटर बंद केला होतास ना?" असं विमेवाल्यांनी विचारलं, शेरीफनं विचारलं, खुद्द नवऱ्यानंही विचारलं. बंद केला होता, हे त्या छातीठोकपणे सांगत होत्या. पण दाखवणार काय? शेवटपर्यंत काहीच सिद्ध झालं नाही. तेव्हापासून दिवसभरात जे केलं ते सगळं वहीत. वर्षाला एक वही. कपाटात रांगेनं लावल्या आहेत आणि त्या कुणी कधी उघडून बघितल्या नव्हत्या. मीही नाही.

आता माझ्याबद्दल. मी आधी दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचो, मग रेडिओ, आता कम्प्युटर. सव्वाशे मैलांत दुसरा कुणी नाही, म्हणून मी हुशार.

भानगड जानेवारीच्या शेवटी सुरू झाली. गुरुवारी सकाळी साडेसातला बाई मेन स्विच वर करायच्या, कम्प्युटर सुरू व्हायचा, प्रिंटरही सुरू व्हायचा, आणि कम्प्युटर सांगायचा की प्रिंटर ऑफलाइन आहे. प्रिंटर समोर बसलेला, दिवा हिरवा, पोटभर कागद घातलेला, आणि हा म्हणतो, तो घरी नाही! बाई कम्प्युटर बंद करून परत चालू करायच्या. तरी तेच. बाहेर ट्रकांची रांग, वासरांचा आरडाओरडा, त्याहून मोठा त्यांच्या मालकांचा. बाई पेननं गेटपास लिहायच्या आणि मला फोन करायच्या.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कम्प्युटरमधून प्रिंटर काढून टाकला आणि नव्यानं जोडला. चालला. "तुम्ही कम्प्युटर नीट बंद करत नाही," असं सांगून आलो. दुसऱ्यांदा वायर बदलली. तिसऱ्यांदा क्लेटनला नवा प्रिंटर घ्यायला लावला. आजार रेड्याला, औषध पखालीला. नवा प्रिंटर दुसऱ्याच गुरुवारी ऑफलाइन गेला. त्यानंतर मी जाणंच सोडलं. घरबसल्या फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचो: हे काढा, ते जोडा. बाई बिचाऱ्या शिकल्या. दर गुरुवारी अर्धा तास खटपट करून प्रिंटर स्वतः जोडायला लागल्या, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एकदा लिलावघराच्या कॅफेत मी क्लेटनला म्हणालो, "अरे, वय झालं की बोटं चुकीच्या जागी पडतात. तिची काय चूक?" बोललो मोठ्यानं. माझा आवाजच तसा आहे. कॅफे आणि ऑफिस यांच्यामध्ये कॉफी द्यायची एक खिडकी आहे, ती उघडी होती. पलीकडे टायपिंग थांबलं ते मी ऐकलं आणि तरी हातातली कॉफी पीत राहिलो. हे लिहिताना मला लाज वाटते.

त्यांची थोरली बहीण लोर्ना दोन वर्षं वृद्धाश्रमात आहे. विसरण्याचा आजार. आर्डिसबाई दर रविवारी जातात आणि लोर्ना त्यांना आईच्या नावानं हाक मारते. हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

सप्टेंबरात क्लेटनचा फोन आला. "मावशीनं राजीनामा दिलाय. ऑक्टोबरचा शेवटचा लिलाव झाला की येणार नाही म्हणते. लाइल, तिला जायचं नाहीये रे. तू काहीतरी कर."

शुक्रवारी गेलो. लिलाव नसला की ऑफिस शांत असतं. प्रिंटर गुणी बाळासारखा कागद देत होता. तेव्हाच ते चार 'बहुतेक' झाले.

"बहुतेक मी काहीतरी करते आणि केलेलं विसरते," त्या म्हणाल्या. "लोर्नाचंही असंच सुरू झालं. गॅस, मग किल्ल्या. माझा प्रिंटर. आज कागद चुकतोय, उद्या एखाद्याचा बैल दुसऱ्याच्या ट्रकमध्ये घालून देईन. त्याच्या आधी गेलेलं बरं."

"काय करता ते एकदा मला करून दाखवा."

"करून कशाला? लिहिलंय की." त्यांनी या वर्षाची वही माझ्यापुढे सरकवली. "कुठे चुकते ते तूच शोध. मला सापडत नाही."

मला खरं तर कंटाळा आला होता. पण बाई समोर बसलेल्या, म्हणून पानं उलटायला लागलो. अक्षर छापल्यासारखं. 'गुरुवार. साडेसात. मेन स्विच. कम्प्युटर. प्रिंटर ऑफलाइन.' पुढचा गुरुवार, ऑफलाइन. त्याच्या पुढचा, ऑफलाइन. आणि मग मे महिन्यात एक गुरुवार: 'प्रिंटर ठीक.' पुढचा गुरुवार: 'प्रिंटर ठीक. घरून सँडविच आणलं.' तिसराही ठीक.

"मे महिन्यात तीन गुरुवार चांगले गेले," मी म्हणालो. "तेव्हा वेगळं काय केलंत?"

"काही नाही. तेच सगळं."

"मग सँडविच का आणलं?"

"कॅफे बंद होता ना. वर्नाचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. ती नसली तर स्वयंपाक कोण करणार, क्लेटन?"

मी वही खाली ठेवली. मग परत उचलली आणि जानेवारी काढला. त्रास सुरू होण्याच्या आधीच्या मंगळवारी लिहिलं होतं: 'लाइल आला. कॅफेतल्या गिऱ्हाइकांसाठी वायफाय लावलं. वर्नाचा ॲपल पाय खाल्ला, दोन तुकडे.' काखेत कळसा म्हणतात तो हा, आणि कळसा माझ्याच नावाचा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कॅफेसाठी वायफायचा वेगळा डबा लावायला हवा होता," मी म्हणालो. "मी आळस केला. ऑफिसच्याच डब्यावर कॅफे जोडला."

"मग?"

"त्या डब्यातून प्रत्येक यंत्राला एक नंबर मिळतो. प्रिंटरला एक, तुमच्या कम्प्युटरला एक, कॅफेत बसलेल्या प्रत्येकाच्या फोनला एक. तुम्ही रात्री सगळं बंद करता, तेव्हा प्रिंटरचा नंबर मोकळा होतो. डब्याची वीज मात्र कॅफेच्या बाजूची. तो रात्रभर चालूच. गुरुवारी कॅफे उघडतो पहाटे पाचला. तुम्ही येता साडेसातला. तोवर पन्नास फोन—"

"थांब." बाई ताठ बसल्या. त्यांचा गुरुवारचा चेहरा मला कित्येक महिन्यांनी दिसला. "म्हणजे समज, ओल्सनचं नेहमीचं वाडगं चौदा. तो आला उशिरा. गेटवाल्यानं चौदात दुसऱ्याची गुरं भरली आणि ओल्सनची घातली बावीसमध्ये. आणि मला कुणी सांगितलंच नाही. मी आपली चौदाच्या दारात उभी राहून 'ओल्सन, ओल्सन' ओरडतेय."

"अगदी तसंच."

"आणि चौदात कोण आहे?"

"कुणातरी शेतकऱ्याचा फोन."

"तो कशाला ओ देईल? आणि इतर दिवशी कसं चालतं?"

"इतर दिवशी कॅफे उघडतो नऊला. चौदा रिकामंच असतं."

"मग गेटवाल्याला सांगून ठेव ना, चौदा ओल्सनसाठी राखीव म्हणून. आम्ही फळीवर खडूनं लिहितो."

"तेवढंच करायचं आहे. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांचं," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले, लाइल."

मी मान खाली घातली आणि काम केलं. प्रिंटरला कायमचा नंबर राखून दिला, तोच कम्प्युटरला सांगितला, कॅफेसाठी वेगळा डबा माझ्या पदरचा आणून बसवला. बाई मागे उभ्या राहून प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत होत्या. निघताना मी म्हणालो, "तुमची चूक नव्हती. एकदाही नव्हती. माझी होती."

"गुरुवारी बघू," त्या म्हणाल्या. राजीनाम्याबद्दल त्यांनी काही विचारू दिलं नाही.

गुरुवारी मी सातलाच जाऊन बसलो. हिवाळ्याआधीचा वासरांचा मोठा लिलाव, कॅफेत पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाचं नाक फोनमध्ये. साडेसातला बाईंनी मेन स्विच वर केला. कम्प्युटर उठला. प्रिंटर कुरकुरला. बाईंनी एक कागद पाठवला. आला. त्यांनी कम्प्युटर बंद केला, परत चालू केला, परत पाठवला. आला. तिसऱ्यांदा त्यांनी सगळंच मेनवरून बंद करून चालू केलं.

खिडकीबाहेरून एक म्हातारा ओरडला, "आर्डिस, खेळतेस काय दिव्यांशी? माझी वासरं ट्रकमधून उतरवायचीत!"

"तुझ्या वासरांना घाई नाही, तुलाच आहे. गप उभा राहा!" बाई ओरडल्या. कागद आला. त्यांनी तो त्याच्या हातात दिला.

दुपारी क्लेटन राजीनाम्याचं पाकीट घेऊन आला आणि त्यानं ते त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं, खणात टाकलं आणि म्हणाल्या, "तारीख मी नंतर घालीन. जा, सहा नंबरचं फाटक नीट लागत नाहीये." क्लेटन दाराबाहेर गेला आणि तिथेच उभा राहून त्यानं डोळे पुसले.

"आणि तू," बाई माझ्याकडे वळल्या, "कॅफेत जा. तेव्हा जेवढ्या मोठ्यानं बोलला होतास, तेवढ्याच मोठ्यानं सांगून ये."

म्हणजे त्या दिवशी खिडकीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतंच. मी गेलो, खुर्चीवर उभा राहिलो आणि सांगितलं की आठ महिने प्रिंटर बंद पडत होता तो या लाइलच्या अकलेमुळे. लोक पोट धरून हसले. वर्ना भांडी घासता घासता म्हणाली, "म्हणजे माझी कंबर मोडली म्हणून तुला अक्कल आली. इकडे ये, ॲपल पायचा तुकडा देते. एकच मिळेल."

पाचला शेवटचा ट्रक गेला. बाईंनी कम्प्युटर बंद केला, प्रिंटर बंद केला, मेन स्विच खाली ओढला. खिडकीतून अजून पुरेसं ऊन येत होतं. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: 'गुरुवार. प्रिंटर ठीक. तीन वेळा बंद करून पाहिलं. चूक माझी नव्हती.' मग वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"सही कर."

"सही कशाला? चाललाय की आता."

"आता चाललाय," त्या म्हणाल्या. "पण पुढे एखाद्या सकाळी मला वाटेल की हे मीच बनवून लिहिलं. लोर्नाला आता स्वतःच्या लिहिण्याचाही भरवसा वाटत नाही, तसं. त्या दिवशी वाचायला दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर लागेल. शहाऐंशी साली नव्हतं."

मी 'चूक लाइलची होती' असं लिहिलं, खाली सही केली. त्यांनी ते वाचलं, आणि म्हणाल्या, "वेळ पण घाल."

मी वेळ घातली. पाच वाजून दहा मिनिटं.