वाकड्या पायांची अर्धी गोष्ट

मुलीच्या सॉकर कोचवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तो तिचं फार कौतुक करायचा, एवढंच कारण.

माझे वडील नागपुरात दारूगोळ्याच्या कारखान्यात हमाल होते. कुणी फार गोड बोलायला लागलं की ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि तो माणूस गेल्यावर आईला विचारायचे, "याले पाहिजे काय?" ती सवय मला वारशात मिळाली. दुसरं मिळालं ते शिक्षण. आमच्या घरात पहिली डिग्री माझी. हे मी मुद्दाम सांगते, कारण अमेरिकेत भेटलेल्या बऱ्याच मराठी लोकांना आपल्या घरातली पहिली डिग्री कोणत्या आजोबांची, हे आठवावं लागतं. मला आठवावं लागत नाही. ती आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलेली आहे.

आम्ही अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावात राहतो. मी गाड्यांच्या सस्पेन्शनचं टेस्टिंग करते. मुलगी सातवीत, गावच्या क्लबात उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, खेळते. कोच ब्राझीलचा, साठीच्या पुढचा, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेला. मुलीच्या उजव्या पायात थोडा बाक आहे. गुडघा आत जातो, पाऊल बाहेर पडतं. लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, वाढेल तसा सुटेल. सुटला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, या हिवाळ्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडावर धातूची एक छोटी पट्टी बसवू, उरलेल्या वाढीत हाड आपोआप सरळ येईल. वाढ संपल्यावर आलात तर हाड कापावं लागेल. ठरवा.

हे मी कोचला सांगितलं, कारण काही आठवडे ती खेळणार नव्हती. तो सरावासाठी मांडलेले प्लास्टिकचे शंकू गोळा करत होता. तसाच वाकलेला थांबला.

"त्या पायाला हात लावू नका," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही तो पाय काय आहे."

मग त्याने मला त्याच्या देशातल्या एका जुन्या विंगरची गोष्ट सांगितली. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून एकाच बाजूला वाकलेले, जसं काही वाऱ्याने झुकवलेले. कापडगिरणीच्या गावातला गरीब मुलगा. मोठ्या क्लबात चाचणीला गेला, तर समोर उभा देशाचा सगळ्यात नावाजलेला डिफेंडर. या मुलाने त्याला असं नाचवलं की तो डिफेंडर स्वतः मालकांना म्हणाला, याला आजच घ्या, मला याच्यासमोर पुन्हा उभं राहायचं नाही. पुढे दोन वर्ल्ड कप जिंकले. दुसऱ्यात तर संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू जखमी होऊन बाहेर, आणि वाकड्या पायांच्या माणसाने सगळं ओढून नेलं.

"आणि त्याला काही समजायचं नाही," कोच हसत म्हणाला. "समोर कोणता देश आहे हेसुद्धा नाही. पक्ष्यासारखा होता. शिकवलेलं नव्हतं ते, अंगातच होतं. तुमच्या मुलीच्या अंगात आहे."

तिथे माझं डोकं फिरलं. मी हसले, थँक यू म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शाळेत मी चांगली पळायचे. आमचे पीटीचे सर वस्तीतल्या आम्हा पोरांना म्हणायचे, "तुमचं काय, तुमच्या अंगातच आहे." आणि मैदानाला फेऱ्या मारायला पाठवायचे. त्याच तासाला वर वर्गात स्कॉलरशिपची तयारी चालायची. ती कुणाच्या अंगात नव्हती, म्हणून त्यांना शिकवायचे. वडिलांना हे कळलं त्या दिवशी ते कारखान्याच्या कपड्यांतच शाळेत आले आणि सरांना म्हणाले, "पोरगी पळून पळून पोचन कुठं, सर?" दुसऱ्या दिवसापासून मी वर होते.

तर आता हा कोच. त्याला काय पाहिजे? वसंतात स्पर्धा होती. त्याच्याकडे दुसरी उजवी विंगर नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू तर गराज सेलमध्ये जुना टोस्टर घेतानाही विकणाऱ्या म्हातारीची उलटतपासणी घेतलीस."

"तो टोस्टर बंद निघाला."

"बरं. मग डॉक्टरचं काय? त्यांच्यावर विश्वास आहे?"

तोही नव्हता. ज्याच्या हातात पाना असतो त्याला सगळीकडे नट ढिले दिसतात. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं, तर मला वाटलं दोघे एकाच कॉलेजातले असतील.

आईचं मत वेगळं. फोनवर जय भीम झाल्याबरोबर म्हणाली, "पोरीचं लग्न होईन तेव्हा पाय कोण पायते बाप्पा? पण तिले दुखते का, हे इचारलं का तू?"

"विचारलं. नाही म्हणते."

"लहानपणी तू बी नाहीच म्हणे."

मी ते सोडून दिलं. मला आधी कोचचा निकाल लावायचा होता. त्या विंगरचं जे मिळेल ते मी वाचायला घेतलं. जुन्या, धूसर क्लिप्स पाहिल्या, कामावर टेस्टचे व्हिडिओ पाहते तशा, मागेपुढे करून. खरं सांगते, पहिले दोन दिवस मी संशय घ्यायचंच विसरले. तो चेंडू पायाशी ठेवून नुसता उभा राहतो. समोरचाही उभा. हा डावीकडे झुकतो. समोरच्याला माहीत असतं की हे खोटं आहे, हा उजवीकडेच जाणार, नेहमी उजवीकडेच जातो. तरी तो फसतो आणि हा उजवीकडून निघून जातो. आमची मुलगी अगदी हेच करते. मी तिच्या किती मॅचेस पाहिल्या होत्या, पण ती काय करते ते मला एका मेलेल्या माणसाच्या क्लिपमध्ये दिसलं.

मग पुढचं वाचलं. करारात काय लिहिलंय ते न बघता सही करायचा म्हणे. गुडघे सुजायचे. पाणी काढायचं, इंजेक्शन द्यायचं, पुन्हा मैदानात उतरवायचं, कारण परदेश दौऱ्यावर लोक त्यालाच बघायला यायचे. ऑपरेशन सांगितलं होतं. ते लांबत गेलं. झालं तेव्हा उशीर झाला होता, त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही. या क्लबातून त्या क्लबात. दारू आधीपासून होतीच, ती वाढली. पन्नाशीच्या आत गेला.

ही दुसरी अर्धी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

आमच्या कामात गाडी छान चालतेय यावर कुणी विसावत नाही. आम्ही टायर काढून बघतो. चाक तिरकं असेल तर टायर एका कडेने झिजतो, आणि ड्रायव्हरला शेवटपर्यंत काही कळत नाही. ती क्लिप बंद केली आणि मी गराजमध्ये जाऊन मुलीचे सॉकरचे बूट उलटे केले. डाव्याच्या तळाचे खिळे जवळपास नवे. उजव्याचे आतल्या बाजूचे पार सपाट. बूट दोन महिन्यांपूर्वीचे. आत सॉक्सच्या गोळ्याखाली ताणपट्टी सापडली, गुडघ्यावर बांधायची. आम्ही ती घेतलेली नव्हती.

रविवारी सकाळी मी बूट आणि पट्टी तिच्या बेडवर ठेवली.

"कधीपासून दुखतंय?"

"इट्स फाइन, मम्मी."

"मी ते विचारलं नाही."

ती बराच वेळ पट्टीचं वेल्क्रो उघडत मिटत बसली. "सिन्स समर," ती म्हणाली. मग, माझ्याशी मराठीत बोलायचं ठरवूनच, "सेकंड हाफमध्ये दुखतो. कोचला नको सांगू. तो मला बसवेल. आणि तू डॉक्टरला लगेच येस म्हणशील."

"पट्टी कोणी दिली?"

"माझी मीच घेतली. गिफ्ट कार्डवर."

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. मला भीती होती की ती त्याने दिली असेल.

"ऑपरेशन केलं आणि तो मूव्ह गेला तर?" तिने विचारलं. तिला याच एका गोष्टीची भीती होती. काप, रक्त, हॉस्पिटल, यातल्या कशाचीच नाही.

मी म्हटलं, "माहीत नाही. पण नाही केलं तर पाय जाईल, हे मी बुटावरून सांगू शकते." ती रडली. मग तिनेच विचारलं, हिवाळ्यात म्हणजे नक्की कधी.

मंगळवारी मी कोचकडे गेले. बूट घेऊनच गेले.

"तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगितलीत," मी म्हणाले. "त्याच्या गुडघ्यांचं काय झालं ते गाळलंत."

त्याने बूट हातात घेऊन अंगठ्याने खिळे चाचपले. चेहरा उतरला, पण चेहऱ्यावरून मी निकाल देत नाही.

"ती म्हणाली नाही कधी," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत?"

"नाही." खिळ्यांवरून अंगठा काढत तो पुढे म्हणाला, "मुलांना मी पहिली अर्धीच सांगतो. दुसरी सांगितली तर आयाबाप मुलांना घेऊन जातील."

"आणि मी मूल आहे का?"

"नाही, इंजिनियर बाई, तुम्ही पोलीस आहात."

मला हसू आलं, ते मी आवरलं. "आणखी एक. तो पक्षी नव्हता. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नाही, यात तुम्ही कौतुक कसलं करता? माझ्या मुलीला समजतं. तिला सगळं समजावूनच खेळवायचं."

त्याने बूट दोन्ही हातांनी परत दिला.

डिसेंबरात ऑपरेशन करून गुडघ्याला ती धातूची पट्टी बसवली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती पुन्हा मैदानात उतरली. पाय पूर्ण सरळ व्हायला अजून वर्ष जाणार होतं, पण फरक दिसत होता. ती चेंडू पायाशी घेऊन उभी राहिली, डावीकडे झुकली, उजवीकडे निघाली, आणि समोरच्या मुलीने चेंडू सहज काढून घेतला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिचं वजन पडायचं तिथे आता पाऊल नव्हतं.

मी मुलीकडे कमी आणि कोचकडे जास्त बघत होते. याला काय पाहिजे ते आता कळेल, मला वाटत होतं. बाकावर एक सरळ पायांची, वेगवान, नवी मुलगी बसलेली होती. आम्ही एका गोलने मागे होतो. शेजारचे एक वडील दोनदा ओरडले की विंगर बदला. त्याने तिला बदललं नाही. शेवटपर्यंत. आम्ही हरलो.

"बाहेर का नाही काढलंत?" मी नंतर विचारलं.

"नवा पाय आहे," तो म्हणाला. "बाकावर बसून कसा शिकेल? तुम्हीच म्हणालात, समजावून खेळवा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काही सापडलं नाही. आमच्या रिपोर्टात आम्ही 'दोष नाही' असं कधी लिहीत नाही, 'दोष आढळला नाही' असं लिहितो. तेवढं मी त्याला दिलं.

मुलगी धावत आली. घामाने ओली, नाक लाल. "मम्मी, कोच म्हणतो थांब, डावीकडून जायचं शिकवतो. थांबू?"

"दुखतंय का?"

"नो." मग माझ्याकडे बघून, "खरंच नाही."

मी गाडीत जाऊन हीटर लावला आणि काचेतून दोघांकडे बघत बसले.