कैद्याची दाढी

परवा नातवाने दाढीसाठी ब्रशने साबणाचा फेस केला आणि त्या वासासरशी मला ठाण्यातली एक दुपार आठवली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे वेड्यांच्या इस्पितळात नर्स होते, तुरुंगातून आणलेल्या रोग्यांच्या वॉर्डात. एकदा हे डबा विसरले म्हणून मी तो घेऊन गेले. गजांपलीकडे, व्हरांड्यात हे एका कैद्याची दाढी करत होते. एक हात त्याच्या हनुवटीखाली आणि आवाज अगदी मऊ.

"हलू नकोस हं, राजा. झालंच."

घरी हे "मीठ वाढ" यापलीकडे फारसं बोलत नसत. माझा नुसता जळफळाट झाला. डबा पहारेकऱ्याकडे देऊन तशीच परतले.

संध्याकाळी मी विचारलं, "माझ्याशी कधी बोललात असं?"

हे गोंधळले. "अगं, त्यानं स्वतःचा गळा कापून घेतला होता. वस्तरा दिसला की किंचाळायचा. आज पहिल्यांदा आपणहून मान पुढे केली."

मी उठून त्यांचं पान वाढलं.

आता हे नाहीत. त्या माणसाने किती विश्वासाने मान पुढे केली असेल, ते आज कळतं. तरीही त्याचा हेवा वाटतोच. तसा आवाज माझ्या वाट्याला कधी आला नाही.