शकुनबाईच्या वाट्याचं मौन

ताराचंद पोस्टात होता आणि तापट होता. भाजी गार आली तरी ताट भिरकवायचा. त्याची बायको शकुनबाई मात्र बोलकी. धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा करता करता ती दिवसभर बोलायची, आणि लाखांदूरकडच्या बाया मुद्दाम तिच्या शेजारची ओळ धरायच्या.

रिटायर झाल्यावर ताराचंद कोणाच्या तरी सांगण्यावरून हिमाचलात एका गुरुजींच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेला आणि वेगळाच होऊन परतला. आवाज खाली आला, ताटं जागेवर राहू लागली. शकुनबाईने देवीपुढे नारळ फोडला.

वर्षभराने तो म्हणाला, "शकुन, आपण हिमाचलातच राहू. गुरुजीपाशी नीट शिकीन म्हणतो. तुले बी शांती भेटन."

"मले कायची अशांती आहे जी?"

तो नुसता हसला. चार-सहा महिन्यांची हौस असेल, असं तिला वाटलं. पण त्याने घर बँकेतल्या एका माणसाला दोन वर्षांसाठी भाड्याने दिलं.

डोंगरातल्या त्या गावात उतारावर एक खोली मिळाली, पत्र्याच्या छपराची. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसायचे. पहिले आठ दिवस तिने ते हौसेने पाहिले. ताराचंद पहाटे चारला ध्यानाला बसायचा, मग वर गुरुजींकडे जायचा, दुपारी येऊन परत बसायचा. कुकरची शिटी त्याला खुपायची, म्हणून ती पातेल्यात भात लावू लागली. तिथल्या हवेत तो शिजता शिजत नसे.

एकदा तीही वर्गाला गेली. "श्वासाकडे लक्ष द्या," गुरुजी हिंदीत म्हणाले. तिचे गुडघे ठणकू लागले. शेजारी एक परदेशी पोरगी डोळे मिटून रडत होती. शकुनबाईने तिचा हात हातात घेतला, तर सेवकाने येऊन सांगितलं, इथे कोणी कोणाला शिवायचं नाही. ती पुन्हा गेली नाही.

थंडी सुरू झाली तसं ताराचंदने तीन महिन्यांचं मौन घेतलं. मग चिठ्ठ्या आल्या. 'मीठ जास्त.' 'दार हळू लाव.' चौथी शिकलेली शकुनबाई अक्षराला अक्षर लावून वाचायची. बाहेर बर्फ पडून रस्ता बंद. घरमालकीण चांगली होती, पण तिची पहाडी बोली शकुनबाईला निम्मी कळायची. ती घोंगडं पांघरून मालकिणीच्या गच्चीवर जायची आणि तुमसरला लेकीला, रिताला, फोन लावायची.

"काही बोलू नको बाई. फोन तसाच ठेव. पोराईचा गोंधळ आयकू दे."

जानेवारीत पायरीवरच्या बर्फावरून ती घसरली. मनगट मोडलं. ताराचंद तेव्हा बसलेला होता, म्हणून घरमालकिणीनेच तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालून ती आली तेव्हा तो घाबराघुबरा उठला. त्याने लिहिलं, 'काय झालं? लई दुखते का?'

शकुनबाईने चिठ्ठी वाचली आणि ठेवून दिली.

"तोंडानं इचारा."

त्याने हात जोडले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. अकरा दिवस उरले होते.

"येकदाच इचारा जी."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. याने ताट भिरकवलं असतं, तर निदान भांडता आलं असतं, असं त्या दिवशी तिच्या मनात आलं आणि स्वतःचीच तिला भीती वाटली.

"माह्या एकटीचं टिकिट काढ," तिने रिताला सांगितलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा मौनाचे दोन दिवस उरले होते. तो पिशवी घेऊन बसपर्यंत आला, खिडकीखाली उभा राहिला, आणि बस सुटली.

वरठी स्टेशनवर जावई घ्यायला आला होता. तुमसरला रिताच्या सासूने पहिल्याच चहाला विचारलं, "पेते का तो?"

"नाही."

"मारते?"

"नाही वो."

"मंग कायले आली?"

'तो ध्यानाले बसते,' एवढंच शकुनबाईला म्हणता आलं असतं. लेकीच्या सासरी किती राहणार, म्हणून ती गावी गेली. भाडेकरूने मागची खोली तेवढी मोकळी करून दिली. शेजारची गिरजाबाईही तेच म्हणाली, "माणूस तपश्चर्या करून राहिला अन् तू सोडून आली? आमचा दारू पिऊन पडते, तरी आमी आहोच ना."

मौन संपल्यावर ताराचंदचा फोन आला. आवाज गंजल्यासारखा.

"हात कसा आहे?"

"बरा आहे."

"ये ना परत."

"तुमी या."

"शिक्षण अर्धं आहे माहं."

आता तो दर रविवारी फोन करतो, ती उचलते, हवापाणी विचारून होतं. उन्हाळ्यात त्याने घराचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवला. तिला ते भाडेकरूकडून कळलं. मागच्या खोलीतून पुढच्या घरात जायचं दार पलीकडून बंद आहे. तिने स्वतःच्या अंगणात जायचं म्हटलं, तरी अख्ख्या घराला वळसा घालून जावं लागतं.