आत्यांनी घातलेला टी

विद्यापीठामागच्या गल्लीत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या आत्यांच्या हाताखालून पदार्थविज्ञानाचे ढीगभर प्रबंध गेलेले. अर्थ कशाचा म्हणून लागत नसे. पण कुठल्या समीकरणात काय येतं, ते बोटांना पाठ. काळासाठी इंग्रजी टी हा यायचाच. सख्ख्या भाच्याच्या प्रबंधात मात्र शेवटच्या प्रकरणात तो कुठंच दिसेना. ‘विसरला असेल वेंधळा,’ म्हणून आत्यांनी मायेनं सगळीकडे घालून टाकला.

आज विद्यापीठाचं ऑफिस बंद व्हायच्या आत प्रबंध पोचला नाही, तर भाच्याची नोंदणी रद्द. सगळी वर्षं पाण्यात. आणि छापलेले कागद चाळताना त्यानं कपाळावर हात मारला.

“आत्या, इथं टी कुणी घातला?”

“मी. आभार मानायचे सोडून डोळे काय वटारतोस?”

“अगं, या समीकरणात काळ नाहीच! शेवटचं प्रकरण त्यावरच आहे!”

“मग जग हलतं कसं रे मेल्या?”

“तेच तर कोडं! एखादा कण कुठं आहे, ते त्या कणावर प्रयोग करून कळतं. वेळ मात्र बाहेर भिंतीवरच्या घड्याळात बघायची. पण अख्खं विश्वच प्रयोगात घेतलं, तर घड्याळ टांगायला बाहेर भिंत कुठली? काळ गळूनच पडतो. मग आतल्याच एका गोष्टीवरून दुसरीची वेळ ठरवायची, असं मी म्हणतो.”

“आणि हे आत्ता सांगतोस! कागद देताना तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?”

ज्या हातांनी घातले त्याच हातांनी आत्यांनी एकेक टी उपटला. त्यात प्रिंटर रुसला. त्याला दोन थपडा, भाच्याला चार शिव्या, आणि दोघं धापा टाकत ऑफिसच्या खिडकीशी.

“वेळ संपली,” क्लार्कनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. दुसऱ्या हातात सोललेलं संत्रं.

“तसं पाहिलं तर वेळ ही—” भाचा सुरू झाला. आत्यांनी त्याला करकचून चिमटा काढला. या क्लार्कची रीत त्यांना इतक्या वर्षांत पक्की ठाऊक होती.

“भाऊसाहेब, संत्र्याची शेवटची फोड तोंडात गेल्याशिवाय शटर ओढलंय कधी तुम्ही?”

क्लार्कनं घड्याळ पाहिलं. हातातल्या दोन फोडी पाहिल्या. ओशाळं हसला आणि शिक्का मारला.

भाच्याचे डोळे चमकले. “आत्या, तू आत्ता अगदी माझंच शेवटचं प्रकरण—”

“एक शब्द बोललास तर सगळे टी परत घालीन!”