दुखण्याला पैकीच्या पैकी

आमच्या थोरल्या साडूंसमोर नुसतं ‘बरं आहे’ म्हणून सुटलेला माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय. लातुरात त्यांचा व्यायामोपचाराचा दवाखाना. मोडलेलं हाड जुळलं की माणसाला पुन्हा चालतं-बसतं करायचं, हे त्यांचं काम. पण खरा जीव ‘बरं म्हणजे किती बरं’ या प्रश्नात अडकलेला. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, कौतुकानं विचारायची, भाजी कशी झालीय? तर हे म्हणणार, ‘गेल्या गुरुवारच्या मानानं, की एकूण?’ तिनं पुढं विचारणंच सोडलं. एका लग्नात सासरेबुवांनी सहज कंबरेवर हात ठेवला, तर यांनी हातातल्या अक्षता तशाच धरून त्यांना शून्य ते दहामधला आकडा विचारला. आता बोला!

हे वेड त्र्याण्णव सालच्या भूकंपानं लावलं. तेव्हा हे नवखे, छावणीत मदतीला गेलेले. तिथं ठिकठिकाणचे डॉक्टर. एकाच पायापुढं एकानं लिहिलेलं ‘सुधारणा’, दुसऱ्यानं ‘ठीक’, तिसऱ्यानं ‘पुष्कळ फरक’. पुढं कुठल्या उपचारानं माणसं लवकर चालायला लागली हे बघायला बसले, तर कशाचा कशाला मेळ नाही. मोजायचं तर सगळ्यांनी एकाच मापानं, हे त्यांनी तिथंच मनाशी पक्कं केलं.

नांदेडला त्यांचे एक डॉक्टर मित्र होते. मित्राकडं यंत्रं, साडूभाऊंकडं नुसते व्यायाम, खेड्यातल्या माणसाला घरच्या घरी करता येतील असे. दोघांनी ठरवलं, दोन्हीकडं एकच फॉर्म भरायचा आणि बघायचं, यंत्रावाचून गुडघे तेवढेच बरे होतात का. फॉर्मात एक प्रश्न होता, दुखणं शून्य ते दहात किती, आणि दुसरा, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं. मग खुर्चीही एकाच उंचीची हवी! सुताराकडून दोन सारख्या खुर्च्या करून घेतल्या आणि एक माझ्या गळ्यात मारली, कारण मी नांदेडचा शाळामास्तर. एस.टी.त ती खुर्ची मी लेकरासारखी सांभाळली. उमरीला निघालेले एक म्हातारे शेजारी ताटकळत उभे होते. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी त्यांना तिच्यावर बसवलं. ही गोष्ट कळल्यावर साडूभाऊंनी पत्र पाठवून खुर्चीची उंची पुन्हा मोजायला लावली.

दीड-दोन वर्षांनी आकडे जुळवले आणि साडूभाऊंचा चेहरा उतरला. नांदेडच्या लोकांचं दुखणं आठावरून दोनावर आलेलं, लातूरच्यांचं सहावरून दहावर गेलेलं. माणसं खुर्चीतून भराभरा उठत होती आणि फॉर्मावर दुखणं वाढत होतं. ‘गुरुजी, मी लोकांचे गुडघे बिघडवून राहिलो,’ ते मला म्हणाले. सोमवारपासून व्यायाम बंद, सगळ्यांना नांदेडला पाठवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. औशाकडच्या बायाबापड्या नांदेडच्या खेपा कशा करणार, असं मी विचारलं, तर ते एस.टी.चं वेळापत्रक काढून बसले.

त्या शनिवारी मी लातुरातच होतो, म्हणून फॉर्म भरायला मला बसवलं. भूकंपात पायावर भिंत पडलेली एक मावशी तुरुतुरु चालत आली आणि दुखण्यापुढं म्हणाली, ‘धा लिही.’ एवढं दुखतंय का, असं विचारलं तर तिनं मलाच वेड्यात काढलं.

‘दुखतंय कशाला? माझी नात हितं शिकवणीला हाय, अर्ध्या मार्कासाठी रडून राहिली. डॉक्टरनं माझ्यासाठी एवढं केलं, त्याचा मार्क कापू व्हय?’

हात्तिच्या! तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघालेल्या, घरोघरी मार्कांशिवाय दुसरी गोष्ट नाही. शून्य म्हणजे सगळ्यात चांगलं, हे त्या गावात कोण मानणार? लोक दुखण्याला नव्हे, साडूभाऊंना मार्क देत होते.

मी पळत जाऊन त्यांना सांगितलं. ते पोट धरून हसले आणि मग एकदम थांबले. मी म्हटलं, सोपं आहे, दहाचं शून्य करून टाका. तर म्हणाले, खरंच दहा दुखणारेही त्यात असतील, कुणाच्या मनात काय होतं ते आपण कसं ठरवायचं? दोन वर्षांचे फॉर्म त्यांनी दोरीनं बांधून ठेवले, नांदेडच्या मित्राला कळवलं आणि स्कूटरवरून गावोगाव नव्यानं विचारत सुटले. व्यायाम मात्र चालू राहिले.

एका रविवारी मी मागं बसून मावशीच्या गावाला गेलो. साडूभाऊंनी तिला नीट समजावलं, की मार्क आम्हाला नकोत, दुखणं सांगा. काहीच दुखत नसेल तर शून्य. मावशीनं बराच वेळ गुडघा चोळला.

‘मग तीन लिही. उकिडवं बसताना कळ येती.’

त्यांनी तीन लिहिलं. मावशीनं कागदात डोकावून हळूच विचारलं, ‘तीनच? नापास तर न्हाई ना झालास, बाबा?’

‘न्हाई मावशी, लई झाले,’ साडूभाऊ म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मावशी आता नाही. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तरी साडूभाऊ फॉर्म घेऊन जायचे. शेवटच्या भेटीत तिनं त्यांचा हात धरून सांगितलं, ‘आता शून्य लिही, खरंच.’ त्यांनी लिहिलं. आयुष्यभर इतकं काटेकोर मोजणारा हा माणूस. पण ते शून्य गुडघ्याचं होतं की मायेचं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.