सहा किलोच्या पाइपात हवा

रिपोर्टवर निकाल आधीच टाइप केलेला होता. ‘चाचणी समाधानकारक.’ तारीख होती, पाइपचा साइज होता, खाली कंपनीचा शिक्का होता. चाचणी तेवढी झालेली नव्हती.

“मॅडम, इथं एक सही,” निकम साहेब म्हणाले. निकम साहेब आमचे मार्केटिंगचे मॅनेजर. “रविवारी वाटूरच्या शाळेत कार्यक्रम आहे. बॅनर छापायला गेले पण.”

मी तेव्हा जालन्यात एका पाइपच्या कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळायचे. विहिरीवरून शेतात पाणी न्यायला राखाडी प्लास्टिकचे पाइप असतात, ते आम्ही बनवायचो. बाकी सगळा कारखाना पाइप बनवायचा आणि मी ते फोडायचे. प्रत्येक बॅचमधले काही तुकडे काढायचे, त्यात पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि कुठे फुटतो ते लिहून ठेवायचं. वीस वर्षं हेच केलं. त्यामुळे न तपासता सही मागितली की माझं डोकं फिरायचं.

“कशाची चाचणी?” मी विचारलं.

साहेबांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत शाळेचं मैदान होतं. लोखंडी स्टँडवर आमच्याच पाइपांचं एक मशीन उभं केलेलं. मागे चार इंची जाड पाइप, म्हणजे हवा साठवायचा चेंबर. पुढे अडीच इंची नळी, त्यात टेनिस बॉल. मध्ये एक व्हॉल्व्ह. एक मुलगी चेंबरला हात लावून उभी होती, रबरी नळीनं त्यात हवा भरली जात होती आणि सगळ्या मुली मोठ्यानं आकडे मोजत होत्या. वीस झाल्यावर तिनं व्हॉल्व्हचा दांडा ओढला. भप्प करून बॉल सुटला. समोरची पॅड बांधलेली मुलगी चुकली, सगळ्या हसल्या. कॅमेरा जवळ गेला. चेंबरवर कंपनीचं नाव आणि त्याखाली ‘६ किलो’.

“बघा! नव्या जाहिरातीत हेच घेतोय,” साहेब म्हणाले. “पाणी काय, हवासुद्धा पेलतो!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाइपवरचा सहा किलो हा आकडा पाण्याचा असतो. एका चौरस सेंटिमीटरवर सहा किलो एवढा पाण्याचा दाब तो सोसतो, तोही नवा असताना आणि फार तापलेला नसताना. पाणी दाबलं तरी आकसत नाही. त्यामुळे चीर पडली की थोडं पाणी बाहेर येतं आणि दाब लगेच संपतो. हवेचं तसं नाही. ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी आत बसलेली असते. चीर सापडली की एका दमात बाहेर पडते आणि जाताना पाइपचे तुकडे घेऊन जाते. हे प्लास्टिक फाटत नाही, काचेसारखं फुटतं. या पाइपात दाबाची हवा भरायची नाही, हे मी लॅबमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. आणि इथं आमचाच मॅनेजर त्याची जाहिरात करायला निघाला होता.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी हात झटकले.

“मॅडम, पंधरा दिवस झाले पोरी खेळतायत. काय झालं?”

“अजून झालं नाही.”

“पाइप सहा किलोचा. ते लोक तीनच भरतात. निम्माच दाब!”

“तीन कशावरून? मीटर कुठे आहे?”

साहेबांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मशीनला मीटर नव्हता.

“मी जाऊन बघते. तोवर सही नाही.”

“बघा. पण रविवारच्या आत. आणि येताना चांगले फोटो काढून आणा.”

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जीपमध्ये हातपंप, प्रेशर मीटर आणि पाइपची तोंडं बंद करायचे प्लग टाकले आणि वाटूर गाठलं. शाळेच्या भिंतीपलीकडे पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या कॉम्प्रेसरची नळी भिंतीवरून थेट मैदानात आणलेली होती.

खेळाचे शिक्षक साळवे सर समोर आले. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

“पोरींना फास्ट बॉल खेळायलाच मिळत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “मी टाकायचो, तर खांदा गेला. गावातली पोरं म्हणतात, पोरींना काय बॉलिंग टाकायची. मागच्या साली जिल्ह्याच्या निवडीला सहाजणी नेल्या. पहिल्याच ओव्हरीत सगळ्यांचे दांडे उडाले. रडत आल्या. आता बारा दिवस राह्यले निवडीला.”

मशीन रशीदभाईंनी हौसेनं करून दिलेलं होतं. रशीदभाई म्हणजे आसपासच्या गावांत मोटारी आणि पाइपलाइनी बसवणारे मिस्त्री. मी येणार म्हणून तेही आले होते. काम हुशारीचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडत होता, नळीचा कोन बदलायला लोखंडी पट्टीत भोकं पाडली होती. कंपनीतल्या कुणाला असं सुचलं नसतं.

मग मी चेंबरचा जोड बघितला.

“रशीदभाई, हा जोड कसा काढला?”

“नेहमीसारखा. तापवून.”

आमच्याकडे ही सर्रास पद्धत आहे. शेतात पाइप जोडायचा आणि दुकान लांब, तर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, पाइपचं तोंड जाळावर धरायचं आणि मऊ झालं की दुसरा पाइप त्यात दाबून बसवायचा. थंड झाला की जोड पक्का. पाण्याला हे वर्षानुवर्षं चालतं. पण तोंड फाकवलं की प्लास्टिक ताणून पातळ होतं आणि उघड्या जाळावर ते एका बाजूनं जळतं. या जोडाला खालून तपकिरी डाग होता. पाइपावर नख ओढलं तर पांढरी भुकटी निघाली. म्हणजे तो कैक उन्हाळे उन्हात पडलेला होता.

“जुना पाइप आहे?”

“विहिरीवरचा आहे. पण मॅडम, तीस साल झाले जोड काढून राह्यलो. एक जोड दाखवा गळणारा.”

“हवा किती भरता?”

उत्तर कॅप्टननं दिलं. पल्लवी तिचं नाव. नववीत असावी. “वीस मोजेपर्यंत.”

“नेहमी वीसच?”

“फास्ट पाह्यजे असला तर तीस.”

मागून एक बारीक आवाज आला, “परवा हिनं चाळीस मोजले व्हते, मॅडम!”

सगळ्या हसल्या. पल्लवी चिडली. “मंग निवडीला काय हळू टाकणारेत का?”

“मोजताना तू कुठे उभी असतेस?”

ती जाऊन उभी राहिली. मशीन हलू नये म्हणून डावा हात चेंबरवर, उजवा दांड्यावर. तो जळका जोड बरोबर तिच्या मानेपाशी आला. जाहिरातीच्या व्हिडिओत हीच मुलगी अशीच उभी होती आणि आमच्या साहेबांना त्यात फक्त कंपनीचं नाव दिसलं होतं.

मी मशीन बंद करायला सांगितलं. साळवे सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“तुम्ही कंपनीच्याच ना? कार्यक्रम तुमच्या कंपनीनंच ठेवला. व्हिडिओ काढायला तुमचीच माणसं आल्ती, तवा न्हाई कुणी बोललं. आता तुम्हीच म्हणता बंद करा?”

त्यांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मला लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. “तासभर द्या,” एवढंच म्हणाले.

चेंबर सोडवला. दोन्ही तोंडांना प्लग लावले, काठोकाठ पाणी भरून आतली सगळी हवा काढून टाकली आणि मीटर जोडला. मुलींना व्हरांड्यात बसवलं. हातपंप मारायला लागले. काटा दोनवर गेला. तीनवर गेला. तिथं पाच मिनिटं थांबले. काही झालं नाही. रशीदभाई गालात हसले. चार. मग पाचच्या किंचित अलीकडे ‘टक’ असा आवाज आला, पाणी सांडलं आणि काटा शून्यावर बसला.

“एवढंच?” पल्लवी म्हणाली.

पाण्याची चाचणी अशीच असते, बघायला अगदी नीरस. म्हणून तर ती पाण्यानं करतात. पण जोडाचा तळहाताएवढा तुकडा निघून माझ्या पायाशी पडला होता.

“आत पाणी होतं म्हणून हा इथं पडला,” मी म्हणाले. “हवा असती तर पडला नसता, उडाला असता.”

“पण आम्ही पाचपर्यंत भरतच न्हाई,” सर म्हणाले.

“कॉम्प्रेसर किती किलोवर बंद होतो, रशीदभाई?”

रशीदभाईंनी भिंतीकडे बघितलं. “आठवर,” ते हळू म्हणाले.

“मग चाळीस मोजल्यावर आत किती गेलेली असते?”

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

रशीदभाईंनी तो तुकडा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकन काढून घेतला. अंगठ्यावर लाल रेघ उमटली होती. मग ते मशीनपाशी गेले, पल्लवी उभी राहायची तिथं उभे राहिले आणि जोड जिथं यायचा तिथं तो तुकडा धरून बघितला. तो त्यांच्या छातीला लागत होता. पल्लवी त्यांच्या खांद्याएवढीही नव्हती.

“मॅडम, विहिरीवर जोड फुटला तर मालकाच्या शिव्या खातो आन् दुसरा लावून देतो,” ते म्हणाले. “हितं फुटला असता तर काय लावून देणार व्हतो मी?”

पल्लवी रडायला लागली. “मंग आता आम्ही काय करायचं?” मी पंप आणि मीटर जीपमध्ये टाकले आणि निघाले.

परत आल्यावर रिपोर्ट मी स्वतः टाइप केला. ‘हवेसाठी अयोग्य. वापर ताबडतोब थांबवावा.’ त्यासोबत तो तुकडा एका पाकिटात घालून निकम साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी रिपोर्ट वाचला. “म्हणजे जोड फुटला. आपला पाइप नाही फुटला. मिस्त्रीची चूक आहे ही.”

“मिस्त्रीनं पाण्याचा जोड काढला. हवेची जाहिरात आपण काढली.”

“बरं, मग असं करू. नवा पाइप पाठवू, कारखान्यातून जोड काढलेला. त्यावरचं नाव तेवढं थिनरनं पुसून टाकू. कार्यक्रम होऊन जाऊ दे. पुढचं शाळा बघेल.”

वीस वर्षांत मी पुष्कळ नमुने बघितले. वजन मारणारे बघितले, आकडे वाढवून छापा म्हणणारे बघितले. पण लेकरं मशीनपाशी उभी राहू देत, फक्त नाव पुसा, असं तोंडावर सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मी खुर्चीवरून उठले.

“म्हणजे नवा पाइपही फुटू शकतो, हे तुम्हाला मान्य आहे. फुटताना नाव आपलं नको, एवढंच ना?”

“आवाज कमी करा, मॅडम.”

“नाही करत. तुम्हाला सही पाहिजे ना? देते. रविवारी पहिला बॉल तुम्ही सोडायचा. चेंबरला हात लावून उभं राहायचं आणि तीसपर्यंत मोजायचं. व्हिडिओ मी काढते.”

साहेब हसले. मग हसता हसता त्यांनी पाकीट उघडलं, तुकडा बाहेर काढला, उलटासुलटा केला आणि टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवला.

“मॅडम,” ते म्हणाले, “माझ्या घरी लहान मुलं आहेत हो.”

खरंच असं म्हणाले. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, पण नाही.

“आणि वाटूरची काय वाऱ्यावर सोडलेली आहेत?” मी ओरडले. शेजारच्या केबिनमधले लोक दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ऐकलं ते बरंच झालं.

दुपारी कार्यक्रम रद्द झाला. ‘अपरिहार्य कारणामुळे.’ शाळेतल्या सगळ्या मुलींसाठी जे पटत नव्हतं, ते स्वतःच्या मानेचा प्रश्न आला तेव्हा दोन मिनिटांत पटलं. वरिष्ठांशी उर्मट बोलल्याबद्दल मला एक पत्र मिळालं. जाहिरात निघाली नाही. नवा पाइपही वाटूरला गेला नाही.

मशीन रशीदभाईंनी स्वतःच्या हातानं मोडलं आणि निवडीपर्यंत रोज दुपारी मैदानावर येऊन बॉल टाकले. बोअरमधले पाइप ओढून ओढून त्यांचे खांदे भक्कम झालेले. बॉलिंग येत नव्हती म्हणून अर्ध्या पिचवरून नुसते जोरात फेकायचे. सरांनी फोनवर सांगितलं, पहिले दोन दिवस एकही बॉल सरळ आला न्हाई.

निवडीत दोघी लागल्या. पल्लवी लागली नाही. मी चौकशीला फोन केला तेव्हा सरांनी तो तिच्याकडे दिला. “दुसऱ्याच बॉलला बोल्ड झाले,” ती म्हणाली. “मशीन राह्यलं असतं तर खेळले असते मी.” आणि फोन सरांच्या हातात दिला. कदाचित ती खेळलीही असती. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिला चांगलं मशीन मिळायला हवं होतं, मीटरवालं, नियमाप्रमाणे बनवलेलं. ते देणं आमच्या कंपनीला जड नव्हतं. पण तसा प्रस्ताव मी दोनदा पाठवला, दोन्ही वेळा ‘बघू’ असा शेरा आला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. घाईत सही मागायला कुणी आलं की आधी विचारायचे, “हे चालू असताना तुम्ही शेजारी उभे राहाल का?” जो लगेच हो म्हणायचा, त्याचाही माल मी तपासायचे. जो घरच्यांची आठवण काढायचा, त्याची फाइल तिथल्या तिथं परत द्यायचे.